चाळीस एकरांची सनद

कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाचा आणि शेतीचा संबंध मराठी वाचकाला जिव्हाळ्याने परिचित झाला तो बहुधा वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चरित्राने टस्कीगीचा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरोघरी पोहोचवला, आणि कापसाने निःसत्त्व झालेल्या भूमीत भुईमूग व रताळी घेतल्यास ती पुन्हा सकस होते, हा त्याचा उपदेश शाळकरी मुलांनाही ठाऊक झाला. परंतु ज्यांच्यासाठी कार्व्हरने आपले आयुष्य वेचले त्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, आणि सकस झालेली ती जमीन त्यांच्या नावावर राहिली की नाही, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर आपण सहसा विचारत नाही. १९२० च्या गणनेत अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यांतले बहुसंख्य कुळे आणि वाटेकरी होते हे खरे, पण देशातला दर सातवा शेतकरी कृष्णवर्णीय होता. २०२२ च्या कृषिगणनेत हीच संख्या ४७ हजारांच्या आत आलेली दिसते, म्हणजे शेकडा दीडदेखील नाही. या ऱ्हासाचे खापर बोंडअळीवर, यंत्रांवर आणि शहरांच्या ओढीवर फोडण्याची रीत आहे, आणि ही कारणे खोटी नाहीत; तथापि एका किनारी काउंटीचा इतिहास जवळून वाचत गेले असता माझी खात्री पटली ती अशी की, या लोकांची जमीन नापिकीने जितकी गेली त्याहून अधिक ती कागदाने गेली.

ही काउंटी म्हणजे जॉर्जिया राज्यातील मॅकिंटॉश. काउंटी हा तिकडचा महसुली घटक. कर आकारणारी कचेरी, शेरीफ आणि न्यायालय हे सारे त्याच्या मुख्य ठिकाणी असते. मॅकिंटॉशचे मुख्य ठिकाण डेरियन, आणि सबंध काउंटीची लोकवस्ती जेमतेम ११ हजार. अल्टमहा नदी येथे अटलांटिक महासागराला मिळते. सात-आठ फुटांची भरती दिवसातून दोनदा खाजणांत शिरते आणि कमरेएवढे गवत भिजवून परतते. त्यापलीकडे सपेलोसारखी बेटे समुद्राला आडवी पडली आहेत. येथील कृष्णवर्णीयांना गीची म्हणतात. शेजारच्या साउथ कॅरोलायनात त्यांचेच भाईबंद गला या नावाने ओळखले जातात, आणि पश्चिम आफ्रिकेतील शब्द, पाककृती व शेतीची रीत या लोकांनी जितकी जतन केली तितकी त्या देशात अन्यत्र क्वचितच आढळते.

त्यांना येथे आणले गेले ते भातासाठी आणि लांब धाग्याच्या कापसासाठी. अल्टमहाच्या मुखाजवळच्या बटलर बेटावर भाताची जी खाचरे होती त्यांची रचना कोकणातल्या वाचकास चटकन उमगेल. आपल्याकडे खारजमिनीला बांध घालून त्यात उघाडी बसवतात ती समुद्राचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी. तेथे बांधात लाकडी झडपा बसवीत त्या भरतीने मागे रेटलेले नदीचे गोडे पाणी नेमक्या वेळी आत घेण्यासाठी आणि ओहोटीला ते सोडून देण्यासाठी. भाताची ही विद्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांना पिढ्यान्पिढ्या अवगत होती. ती त्यांच्यासह जहाजात आली, मात्र तिचा नफा मळेवाल्यांच्या खात्यावर जमा झाला. त्या मळ्यांपैकी एकाचा वारस पियर्स बटलर कर्जात बुडाला, तेव्हा १८५९ च्या मार्चमध्ये सव्हानाच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याच्या मालकीची ४०० हून अधिक माणसे दोन दिवसांच्या लिलावात विकली गेली. या प्रदेशात लिलाव या शब्दाची स्मृती किती खोल गेली आहे हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

यादवी युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १२ जानेवारी १८६५ रोजी, सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी सव्हाना येथे वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून, मुक्त झालेल्या लोकांना काय हवे आहे, असे विचारले. त्यांचे प्रवक्ते होते गॅरिसन फ्रेझियर, वय ६७. स्वतःचे आणि पत्नीचे स्वातंत्र्य त्यांनी पैसे मोजून विकत घेतले होते. आम्हांला जमीन द्यावी, ती आम्ही आपल्या श्रमाने कसू आणि यथावकाश विकतही घेऊ, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. चारच दिवसांनी शर्मनचा १५ क्रमांकाचा विशेष हुकूम निघाला: चार्ल्सटनपासून फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटे आणि समुद्रापासून तीस मैलांच्या आतली ओसाड पडलेली भातशेती मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवावी, आणि प्रत्येक कुटुंबास ४० एकरांपर्यंत लागवडीची जमीन द्यावी. सुमारे ४० हजार माणसे जवळपास चार लाख एकरांवर वसली. सपेलोवर आणि आसपासच्या बेटांवर त्यांनी मका, रताळी, कापूस पेरला. परंतु त्या सनदेत एक उणीव होती, आणि ती प्राणघातक ठरली. तिने ताब्याचा हक्क दिला होता. मालकीचा निर्णय पुढील सरकारवर सोपवला होता. लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्षपदी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षाच्या शरदात जुन्या मळेवाल्यांना माफी देऊन जमिनी परत करण्याचा सपाटा लावला, आणि पहिले पीक हाती येते न येते तोच कसणाऱ्यांपुढे मजुरीचे करारनामे ठेवण्यात आले.

तरीही मॅकिंटॉशमधील लोक स्वस्थ बसले नाहीत, आणि येथे एका विलक्षण पुरुषाचे नाव घेतले पाहिजे. ट्युनिस कॅम्पबेल हा उत्तरेकडचा जन्मतः स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशक; मुक्त लोकांच्या वसाहतीचा अधिकारी म्हणून तो सेंट कॅथरिन्स आणि सपेलो या बेटांवर आला, तेथे त्याने शाळा आणि लोकांचे स्वतःचे शासन उभे केले, आणि बेटांवरून हुसकावला गेल्यावर मॅकिंटॉशच्या मुख्य भूमीवर बेलव्हिल नावाचा १२५० एकरांचा मळा घेऊन तेथे शेतकऱ्यांची संघटना स्थापली. १८६८ साली तो राज्याच्या सिनेटवर निवडून आला. कृष्णवर्णीय मजुराने केलेला करार वाचून घ्यावा, हिशेब मागावा, अन्याय झाला तर पंचांपुढे जावे, एवढेच तो शिकवीत होता. पण तेवढेही सत्ताधाऱ्यांना सोसवले नाही. १८७६ मध्ये वयाच्या साठीनंतर त्याला शिक्षा ठोठावून कैद्यांच्या मजूरटोळीत घातले गेले. याच कालखंडात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यमुक्त केले त्यांच्या सन्मानार्थ अर्पण केला. ती अर्पणपत्रिका छापली जात असताना त्या मुक्तीचा आर्थिक पाया जॉर्जियाच्या किनाऱ्यावर ढासळू लागला होता, ही वस्तुस्थिती आपल्या वाङ्मयेतिहासात सहसा नोंदली जात नाही.

ज्यांना सनद टिकवता आली नाही त्यांनी मग खरेदीखताचा मार्ग धरला. १८७१ साली सपेलोवरील तीन मुक्त गृहस्थांनी विल्यम हिलरी आणि कंपनी या नावाने रकून ब्लफ येथील सुमारे हजार एकर जमीन दोन हजार डॉलरांना विकत घेतली, आणि तुकडे पाडून ती आपल्या लोकांत वाटली. दास्यातून सुटून सहाच वर्षे झालेल्या माणसांनी भागीदारी संस्था स्थापून गाव वसवावे, ही घटना मला त्या सबंध इतिहासातील अत्यंत तेजस्वी घटना वाटते. मुख्य भूमीवर हॅरिस नेक येथेही असेच गाव उभे राहिले. या गावांचे अर्थकारण एकाच पिकावर उभे नव्हते. पहाटे खाडीत जाळे टाकायचे, दिवसा शेतात लाल चवळी, ऊस, भात, रताळी पाहायची, डुकरे आणि गुरे रानात सोडायची, हंगामात कालवे काढायची आणि रोकड लागेल तेव्हा डेरियनच्या लाकूडगिरण्यांत मजुरी करायची, असा पाचपेडी संसार होता. किराणा फार थोडा विकत आणावा लागे. १८९३ आणि १८९८ च्या वादळांनी आणि पुढे बोंडअळीने मळेवाल्यांची नगदी शेती संपवली तेव्हाही ही गावे तग धरून राहिली, यातच त्या मांडणीचे शहाणपण दिसून येते.

हॅरिस नेकची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९४२ साली, महायुद्धासाठी विमानतळ हवा म्हणून, संघराज्य सरकारने तेथील २६८७ एकर जमीन संपादन केली. सुमारे ७५ कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे नांदत होती. त्यांना घरे सोडण्यासाठी मोजकेच आठवडे मिळाले, उभी पिके तशीच राहिली, आणि मागाहून घरे पाडली गेली. मोबदल्याचा दर सांगितला जातो तो असा: कृष्णवर्णीयांना एकरी सरासरी २६ डॉलर ९० सेंट, गोऱ्या मालकांना ३७ डॉलर ३१ सेंट, आणि गोऱ्यांपैकी तेथे प्रत्यक्ष राहणारे जवळजवळ कोणी नव्हते. युद्ध संपताच जमीन परत मिळेल, असे अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले होते, असे त्या कुटुंबांचे म्हणणे आहे. लेखी काहीच नव्हते. युद्ध संपले, जमीन प्रथम काउंटीच्या हवाली झाली, तिने ती नीट सांभाळली नाही म्हणून परत घेतली गेली, आणि १९६२ साली तिचे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झाले. १९७९ मध्ये वारसांनी तेथे तंबू ठोकून ठाण मांडले तेव्हा चौघांना कैद भोगावी लागली. त्यांचा दावाही न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला. २०११ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली, तीतूनही काही निष्पन्न झाले नाही. अभयारण्यातल्या तळ्यावर आज करकोचे घरटी करतात, आणि त्यांच्या रक्षणाची आवश्यकता मला पूर्ण मान्य आहे. परंतु काही कुटुंबांना काही एकरांवर परत घरे बांधू देऊनही पक्षी राहू शकले असते, हा वारसांचा युक्तिवाद कोणी गांभीर्याने ऐकून घेतल्याचे दिसत नाही.

सपेलोवर सरकारऐवजी एक धनाढ्य होता. तंबाखूच्या साम्राज्याचा वारस आर. जे. रेनॉल्ड्स धाकटा याने १९३४ साली बेटाचा बहुतांश भाग विकत घेतला, आणि आपले शिकारीचे रान सलग व्हावे म्हणून रकून ब्लफ, बेल मार्श आदी वस्त्यांतल्या लोकांना जमिनीच्या अदलाबदलीने हॉग हॅमॉक या एकाच गावात कोंबले. बेटावर नोकरी देणाराही तोच असल्याने नकार देणे म्हणजे पोटावर पाय आणणे होते. कॉर्नेलिया वॉकर बेली या बाई लहानपणी अशाच बेल मार्शहून हॉग हॅमॉकमध्ये आल्या. बिलाली मुहंमद नावाच्या ज्या साक्षर मुसलमान गुलामाची अरबी हस्तलिखित वही अजून जतन केलेली आहे, त्याचा वंश त्या सांगत. २०१७ मध्ये त्या निवर्तल्या. अदलाबदलीत कोणाला किती मिळाले आणि त्याचे दस्तऐवज नीट झाले की नाहीत, याविषयीचे वाद आजतागायत मिटलेले नाहीत. आज जवळजवळ सारे बेट राज्य सरकारचे आहे, आणि हॉग हॅमॉकचे सुमारे ४३४ एकर तेवढे उरले आहेत.

आता ज्या गोष्टीने उरलेली जमीन सर्वांत अधिक गिळली तिच्याकडे वळतो. मुक्तीनंतरच्या पिढ्यांत मृत्युपत्र करण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. वकील गोरा, कचेरी गोऱ्यांची, आणि कागदावर अंगठा उठवल्याने पूर्वजांचे काय झाले हे सर्वांना ठाऊक. तोंडी सांगून जमीन मुलांकडे जाई, वहिवाट चालू राही, नोंद मात्र खापरपणजोबांच्याच नावे. समजा त्यांचे बारा एकर होते. सहा मुले, तीस नातवंडे, आणि आज शंभरावर वारस. त्यांतले दहा गावात, बाकीचे सव्हाना, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांत. कायद्याच्या दृष्टीने यांतला प्रत्येक जण सबंध बारा एकरांचा अविभक्त हिस्सेदार. अशा वारसजमिनीवर बँक कर्ज देत नाही, कारण गहाणखतावर सर्वांच्या सह्या हव्यात. घर वादळात पडले तरी मदतीच्या अर्जाला मालकीचा पुरावा जोडता येत नाही. झाडे तोडून विकता येत नाहीत. आणि यांतल्या एकाने, ज्याने ते गाव कधी पाहिलेदेखील नाही, आपला शतांश हिस्सा एखाद्या बांधकाम व्यावसायिकास विकला, की तो व्यावसायिक न्यायालयात वाटपाचा दावा लावू शके. बारा एकरांचे शंभर भाग पाडणे अशक्य, असे ठरे. सबंध जमीन लिलावात निघे. आणि रोख रक्कम एकट्या त्याच्याच खिशात असे.

येथे आपल्या कायद्याचे स्मरण होणे साहजिक आहे. हिंदुस्थानात १८९३ च्या वाटप अधिनियमाने विक्रीची मागणी करण्यासाठी निम्म्या किंवा अधिक हिश्श्याची अट घातली, मागणी झाल्यावर इतर हिस्सेदारांना ठरीव मूल्य देऊन तो हिस्सा घेण्याचा हक्क दिला, आणि राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेऊन वाटप मागितले तर कुटुंबास तो विकत घेण्याची मुभा ठेवली. परकीय अमलाखालील एका वसाहतीत जे संरक्षण एकोणिसाव्या शतकात मिळाले ते जॉर्जियाच्या शेतकऱ्यास मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. थॉमस मिचेल या कायद्याच्या प्राध्यापकाने सिद्ध केलेला नमुना मसुदा २०१० मध्ये मान्य झाला, आणि दोन वर्षांनी जॉर्जियाने तो स्वीकारला. आता न्यायालयाने प्रथम मूल्यांकन करवावे, नातलगांना तो हिस्सा घेण्याची संधी द्यावी, आणि विक्री अटळ असेल तर खुल्या बाजारात करावी, असे ठरले. तोवर किती जमीन गेली, तिचा हिशेब कोठेच लागत नाही.

लिलावाचा दुसरा मार्ग करथकबाकीचा. जॉर्जियात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी न्यायालयाच्या दाराशी अशा मिळकतींची बोली होते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत बोलीची रक्कम अधिक वीस टक्के भरले तर मूळ मालकास जमीन सोडवता येते. वारसजमिनीचा कर सर्वांवर, भरणारा मात्र गावात राहिलेला एखादा म्हातारा किंवा म्हातारी. २०१२ साली हॉग हॅमॉकमध्ये फेरआकारणी झाली तेव्हा काहींच्या कराची रक्कम एका वर्षात पाचपटीहून अधिक वाढली, कारण शेजारी श्रीमंतांनी सुटीची घरे बांधली होती आणि आकारणी त्या भावाने झाली. चवळी आणि ऊस काढणाऱ्या जमिनीवर समुद्रकाठच्या बंगल्याचा कर बसला. शाळा नाही, दवाखाना नाही, येण्याजाण्यास तेवढी तर, आणि कर मात्र वाढीव, ही त्यांची तक्रार होती. २०१५ मध्ये ती न्यायालयात गेली आणि राज्याशी व काउंटीशी तडजोड होईपर्यंत २०२२ साल आले. पुढच्याच वर्षी काउंटीने घराच्या क्षेत्रफळाची मर्यादा १४०० चौरस फुटांवरून ३००० वर नेली. मोठ्या घरांना परवानगी म्हणजे आकारणीचा भाव आणखी चढणार, हे गावकऱ्यांना सांगावे लागले नाही.

आणि ज्यांचे दस्तऐवज निर्दोष होते त्यांना तरी भांडवल मिळाले काय? तगाईसारखे पेरणीकर्ज देणारी संघराज्याची यंत्रणा काउंटीतील स्थानिक समित्यांच्या हाती असे, आणि दक्षिणेत त्या समित्या बहुतेक गोऱ्या मोठ्या शेतकऱ्यांच्या होत्या. कृष्णवर्णीयाचा अर्ज सरळ नाकारण्याची गरजच नसे. फेब्रुवारीत हवे असलेले कर्ज जूनमध्ये मंजूर केले की हंगाम आपोआप बुडे. मिळालेल्या पैशाचे खातेही असे की प्रत्येक उचलीवर अधिकाऱ्याची सही लागावी. भेदभावाच्या तक्रारी वॉशिंग्टनला पाठवल्या, तर १९८३ नंतर त्यांची चौकशी करणारी शाखाच नाममात्र उरली होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या टिमथी पिगफर्ड याने इतरांसह १९९७ मध्ये दावा लावला, आणि १९९९ मध्ये न्यायमूर्ती पॉल फ्रीडमन यांनी तडजोड मान्य केली, तेव्हा निकालपत्राचा आरंभच त्यांनी चाळीस एकरांच्या मोडलेल्या वचनाने केला. बहुसंख्य दावेदारांस पन्नास हजार डॉलर ठरले. परंतु ते मिळवण्यासाठी, आपल्याच परिस्थितीतल्या अमुक गोऱ्या शेतकऱ्यास कर्ज मिळाले होते, हे दाखवणे भाग होते, आणि त्या शेतकऱ्याचे कागद होते सरकारच्या दप्तरात. हजारो अर्ज मुदत उलटल्यामुळे बाहेर राहिले. त्यांच्यासाठी २०१० मध्ये सव्वा अब्ज डॉलरांची दुसरी तडजोड झाली. पन्नास हजारांत गेलेली जमीन परत येत नाही, एवढे साधे गणित या भरपाईत कोणी मांडले नाही.

२०२१ साली चार अब्ज डॉलरांची कर्जमाफी काँग्रेसने मंजूर केली. गोऱ्या शेतकऱ्यांनी ती वर्णाधारित म्हणून न्यायालयात अडवली, पुढल्या वर्षी ती रद्द झाली, आणि तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणाही शेतकऱ्यासाठी दुसरा निधी आला, त्यातून २०२४ मध्ये सुमारे ४३ हजार लोकांना रकमा पोहोचल्या. जुलै २०२५ मध्ये कृषिखात्याने वर्णाच्या आधारे वंचित ठरवण्याची वर्गवारीच सोडून दिली. ज्या खात्याने कित्येक दशके वर्ण पाहून कर्ज दिले वा नाकारले, त्याने आता वर्ण पाहणे अन्यायाचे आहे असे म्हणावे, याने माझे मन व्यथित होते.

या साऱ्यांत एक सुधारणा मात्र गाजावाजा न होता झाली, आणि मॅकिंटॉशसारख्या काउंटीस तिचाच उपयोग अधिक आहे. २०१८ च्या कृषिकायद्याने वारसजमीन कसणाऱ्यास स्वच्छ मालकीपत्राविना, इतर पुराव्यांवर शेतक्रमांक मिळण्याची सोय केली. तो क्रमांक म्हणजे सरकारी योजनांचे दार. त्यावाचून कर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही. वारसांचा गुंता सोडवण्यासाठी कर्ज देण्याची योजनाही त्याच कायद्यातून निघाली, आणि २०२१ मध्ये तिच्यासाठी ६ कोटी ७० लाख डॉलर ठेवले गेले. काम किचकट आहे. वंशावळ सिद्ध करण्यासाठी घरच्या बायबलमधल्या नोंदी, चर्चचे दप्तर, अंत्यविधीच्या छापील पत्रिकांतील नातलगांची नावे, थडग्यांवरच्या तारखा गोळा कराव्या लागतात. मग देशभर विखुरलेल्या वारसांना शोधून प्रत्येकाची सही किंवा हक्कसोड घ्यावी लागते. अटलांटातील वारसजमीन कायदा केंद्राचे वकील हे काम विनाशुल्क करतात, तरी एकेका जमिनीस वर्षे लागतात.

दरम्यान हॉग हॅमॉकमध्ये कॉर्नेलिया बेलींनी अखेरच्या वर्षांत सुरू केलेली लाल चवळीची आणि जांभळ्या रेघांच्या जुन्या उसाची लागवड त्यांच्या कुटुंबीयांनी व सहकाऱ्यांनी चालू ठेवली. ही चवळी बारीक, तांबूस, शिजल्यावर दाट रस्सा देणारी. भातात घालून ती खाण्याची त्या बेटावर शतकांची रीत आहे. मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत तिला चांगला भाव येतो, आणि तो भाव कर भरण्याइतका पुरावा, गावातल्या मुलांना बेटावरच मजुरी मिळावी, हाच बाईंचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. मात्र पीक वाढवायचे तर आणखी जमीन नांगराखाली हवी, आणि गावातली पडीक जमीन पाहावी तर तिच्यातले कित्येक तुकडे शंभर वारसांच्या नावे किंवा विकत गेलेले. ज्या तुकड्यांचे कागद आधी स्वच्छ होतील तेथे चवळीचे वाफे आधी वाढतील. म्हणून पुढील काही वर्षे या बेटावरचा सर्वांत निकडीचा शेतमजूर वकील हाच आहे, आणि त्याच्या कामाला जो पैसा लागेल तो कर्जरूपाने न देता सरकारने स्वतः सोसावा, कारण हा गुंता ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी अपुरी सनद लिहिणारा हातही सरकारचाच होता.